होडीतले दोघे

नेरूळच्या सारसोळे गावातल्या त्या दोन खोल्यांत मिथुन आणि त्याचा थ्रीडी प्रिंटर, एवढंच बिऱ्हाड. पटावरच्या खेळांसाठी लोक त्याच्याकडून बोटभर योद्धे, राक्षस करून घेत. कॉम्प्युटरवर घडवायचे, पातळ रेझिनमधून थरावर थर छापायचे, धुवायचे, निळ्या उजेडात कडक करायचे. दिवस जायचा, बोलायला मात्र कोणी नसायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील, शिवराम, मासे धरायला खाडीत गेले. होडी परत आली, ते आले नाहीत. देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत. भगवानकाका सांगून सांगून थकले. मिथुन ऐकेल तर शपथ! पुतळा जाळला की बाबा गेले हे कबूल करणं आलं, आणि तेच त्याला नको होतं.

त्याने उलट बाबांनाच छापलं. वल्हं धरलेले, आतून पोकळ. समोर बसायला स्वतःची मूर्ती, चिमुकली म्हणून भरीव. दोघांना छोट्या होडीत बसवलं आणि जेवताना ताट घेऊन त्यांच्यापाशी बसू लागला.

आठवड्याने बाबांच्या पायाशी ओल दिसली. हलवलं तर आत काहीतरी डचमळलं. मिथुन स्वतःवरच चिडला. निचऱ्याचं भोक ठेवायला विसरलो, कच्चं रेझिन आत राहिलं, दुसरं काय! त्याने तळाला बारीक ड्रिल मारलं.

पाणी आलं. खारट, गढूळ, ओहोटीच्या चिखलाचा वास असलेलं.

पुसलं, वाळवलं. सकाळी मूर्ती पुन्हा भरलेली. भोक ठेवून नवी छापली, तीही भरली. चौथ्या दिवशी त्याला रडू फुटलं. बाबा कुठे आहेत, हे आता कोणाला विचारायची गरज उरली नव्हती. त्याने काकांना फोन केला.

भर दुपारी खाडीकाठी दर्भाचा पुतळा जळला.

"मोकला झाला तो," काका म्हणाले. "आता सरल घरी जा. मागं वलून बगू नको."

मिथुन निघाला. दहा पावलं गेला. घरी त्याचं होतं तरी कोण?

त्याने वळून पाहिलं. नुसती खाडी होती.

घरी बाबा कोरडे होते. त्याने हलवून पाहिलं, उलटं केलं, थेंब नाही. मिथुनने हुश्श केलं.

मग होडी पुसायला म्हणून त्याने स्वतःची भरीव मूर्ती उचलली.

आत पाणी डचमळलं.