काट्याच्या रात्री

दार लोटून घे रे, डास येतात. आणि तू गं, जरा पुढे सरक. मानसशास्त्राची परीक्षा देतेयस ना? मग ही गोष्ट तुला या बाकीच्यांपेक्षा नीट कळेल. मात्र मधे कुणी बोलायचं नाही. घडलेली गोष्ट आहे. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सरांच्या घरात घडली. आणि सर म्हणजे भुताचं नाव काढलं तर चहाचा कप खाली ठेवून वाद घालणारा माणूस.

डिसेंबरातला रविवार होता. सर वर आले आणि म्हणाले, "चष्मेवाले, एखादं जास्तीचं कुलूप आहे का?"

मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात होतो, म्हणून सगळी इमारत मला चष्मेवाले म्हणायची. मी म्हटलं, "कुलूप आहे हो, पण तुमच्याकडे चोराने न्यायचं काय? पुस्तकंच ना? तो बिचारा उद्या स्वतः परत आणून देईल."

सर हसल्यासारखं करून थांबले. त्या घरात कुणी हसून बरेच महिने झाले होते.

त्यांची मुलगी पिटू. सहा वर्षांची. माझ्याकडच्या रिकाम्या फ्रेमा नाकावर चढवायची आणि बापाच्या आवाजात "मागच्या बाकावर गप्प बसा" म्हणून दटावायची. घरभर नुसता चिवचिवाट. फक्त अंधार झाला की हिची बोबडी वळायची. खोलीत रात्रभर दिवा लागायचा. आमची इमारत जुनी, बटणं इतकी उंच की मोठ्या माणसालाही हात ताणावा लागायचा. उन्हाळ्यात तिला ताप आला. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता पोर हातची गेली.

खोली तशीच ठेवली होती. आणि वहिनी म्हणायला लागल्या, पिटू येते. रोज नाही, कधीकधी. रात्री हाक मारते. आणि नेमकी ज्या रात्री खोलीत दिवा असतो, त्याच रात्री येते. सकाळी पाहावं तर दिवा लागलेला, आणि हाक आठवत असते. म्हणून वहिनी दिवसदिवसभर त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून राहायच्या. जेवण नाही, बोलणं नाही.

सर कॉलेजात शिकवायचे तेच मुळी हे. प्रयोग कसा मांडायचा, आकडे जुळले तर त्यांचा अर्थ काय लावायचा. मला म्हणाले, "दिवा आणि हाक एकत्र दिसतात, हे मला मान्य आहे. पण एकत्र दिसणं म्हणजे एकामुळे दुसरं होणं नव्हे. ज्या रात्री तिचा जीव फार तुटतो, त्याच रात्री ती दिवा लावत असेल आणि त्याच रात्री तिला भास होत असेल. दोन्हींच्या मुळाशी एकच दुःख."

"म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला," मी म्हटलं.

"तसंच काहीसं. पण हे तिला नुसतं सांगून पटणार नाही. दिवा कधी लावायचा हे तिच्या मनावर सोडायचंच नाही. नाण्यावर सोडायचं. आणि नाणं तुम्ही उडवायचं."

"मी? का हो?"

"तिला कळता कामा नये. आणि मलाही नाही. मला कळलं तर माझ्या तोंडावरून तिला कळेल."

ठरलं. रोज रात्री जेवणं उरकली की मी खाली जायचो. दोघं स्वयंपाकघरात बसायची. मी पिटूच्या खोलीत जाऊन नाणं उडवायचो. छापा पडला तर दिवा चालू, काटा पडला तर बंद. खिडकीला जाड काळं कापड होतं, दाराखालच्या फटीत चादर कोंबायची, कुलूप लावायचं, किल्ली माझ्या खिशात. वर येऊन माझ्या कॅलेंडरवर छाप्याची फुली मारायची. सकाळी वहिनी त्यांच्या कॅलेंडरवर हाक आली की नाही ते लिहायच्या. महिनाभर चालवायचं आणि मग दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवायची.

"काहीच जुळणार नाही," सर मला जिन्यात म्हणाले होते. "मग ती त्या उंबऱ्यावरून उठेल. मला प्रबंध लिहायचा नाहीये हो. मला माझी बायको परत हवीये."

वहिनी कशाला तयार झाल्या, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "भाऊजी, हे प्रत्येक गोष्टीला पुरावा मागतात. एकदा पुरावा मिळाला की हेही माझ्याजवळ येऊन बसतील. एकटीने ऐकवत नाही हो."

महिना सरत आला. शेवटची रात्र म्हणजे जानेवारीतला दुसरा शनिवार. मी नाणं उडवलं, कुलूप लावलं, वर येऊन झोपलो.

पावणेतीनला दार वाजलं.

सर होते. पायात चप्पल नाही. थंडीत कपाळावर घाम.

"कॅलेंडर घ्या," म्हणाले. "खाली चला."

"झालं काय?"

"मला ऐकू आलं."

मी कॅलेंडर काढलं, किल्ली घेतली. खाली गेलो.

वहिनी त्या बंद दारापाशी जमिनीवर बसल्या होत्या. कपाळ दाराला टेकवून. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसता हात पुढे केला. "किल्ली द्या, भाऊजी."

"थांब," सर म्हणाले. "अगं, शेवटची रात्र आहे. आता उघडलं तर महिनाभराचं सगळं मातीत जाईल. एका रात्रीने काही सिद्ध होत नाही. मीसुद्धा झोपेत होतो. मीसुद्धा तिचा बापच आहे ना? मलाही भास होऊ शकतो."

बोलता बोलता त्यांनी टेबलावर दोन्ही कॅलेंडरं पसरली. बोट फिरवायला लागले. एकदा वरून खाली. मग पुन्हा.

घर शांत होतं. फ्रिजचा आवाज तेवढा.

"जुळतंय," ते म्हणाले. "पण उलटं."

"उलटं म्हणजे?"

"दिवा होता त्या रात्री काहीच नाही. एकदाही नाही. हाक आलीये ती सगळी..." त्यांनी चष्मा काढला. मग वर्गात शिकवतात तसे, ठेक्यात बोलायला लागले. "म्हणजे दिव्यामुळे ती येत नाही. दिशाच उलटी धरली होती आपण. अंधार असला की ती हाक मारते. आई झोपेतच उठते, दिवा लावते. सकाळी दिवा लागलेला दिसतो, हाक आठवते. आईला वाटतं, दिवा लावला म्हणून आली. खरं तर ती आली म्हणून दिवा..."

तिथे थांबले.

वहिनींनी मान वळवली. "आता आठवतंय... मी दिवा लावला की ती गप्प व्हायची," त्या हळू म्हणाल्या. "झोपायची."

सरांनी त्या बंद दाराकडे पाहिलं.

"आणि महिनाभर..." वहिनी म्हणाल्या. "काट्याच्या रात्री..."

सरांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही रे. इतका शिकलेला माणूस. ज्या पोरीला अंधारात सोडून कधी पाणी प्यायला गेला नव्हता... तिला आम्ही कुलूप घालून... फटीत चादर कोंबून...

"आज काय पडलं होतं?" वहिनींनी विचारलं.

मी किल्ली मुठीत आवळली.

"भाऊजी. आज काय पडलं होतं?"

"काटा."

आणि तेव्हा मी ऐकलं.

दाराच्या पलीकडून. अगदी जवळून. हाक नव्हे. हाका मारून मारून दमलेलं पोर कसं मुसमुसतं... तसं. मग थांबलं. मग फरशीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज. जड. थोडं ओढायचं, थांबायचं. पुन्हा थोडं.

सर दारावर धावले. "पिटू! बाळा, आलो! बाबा आला!"

मी किल्ली लावली. फिरेना. सरांनी माझा हात बाजूला केला. त्यांनाही फिरेना. आत ओढणं चालूच. मग तेही थांबलं. मग एकदाच... अगदी बारीक...

"बाबा, दिवा."

कुलूप निघालं.

आत काळोख. बाहेरच्या दिव्याचा उजेड उंबऱ्याच्या आत जातच नव्हता. हाताला हात दिसत नव्हता. आणि गार. एवढं गार की दात वाजले. आवाज नाही. श्वास नाही. सर भिंत चाचपत बटणाकडे गेले आणि त्यांच्या पायाला काहीतरी लागलं. मग खट्. दिवा लागला.

खोलीत कुणी नव्हतं.

खिडकी आतून बंद. कापड तसंच्या तसं. पलंगावरची चादर सपाट, एक घडी मोडलेली नाही.

फक्त पिटूची अभ्यासाची बुटकी लाकडी खुर्ची. रात्री नाणं उडवायला मी आत गेलो तेव्हा ती पलीकडच्या भिंतीशी, टेबलात सरकवलेली होती. माझ्या या डोळ्यांनी पाहिलेली. आता ती दाराशेजारी होती. भिंतीवरच्या बटणाच्या बरोबर खाली. तिच्यावर पलंगावरची उशी. उशीवर खेळण्यांचा डबा पालथा घातलेला. त्याच्यावर तिच्या टेबलावरची सरांची दोन जाड पुस्तकं, एकावर एक, कडा नीट जुळवून.

सर बघत उभे राहिले. वहिनी पुढे गेल्या. वरच्या पुस्तकावर हात ठेवला. मग हवेतच, पिटू केवढी होती ते दाखवावं तसा तळहात धरला. मग एक इवलासा हात वर केल्यासारखा आपला हात उंचावला आणि बोटांपासून बटणापर्यंतचं अंतर मोजलं.

"वीतभर," त्या म्हणाल्या. "वीतभर कमी पडलं हो तिला."