पॅराशूटची शेवटची पाकळी

चिकटलेलं पॅराशूट कधी ओढून उलगडू नये. आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवायचं, गारठलं की एकेक घडी नखाने सोडवायची, आणि सुटेल तेवढ्या भागावर लगेच पावडर मारायची. एवढ्यानं नाही भागलं तर स्पिरिट. बोळ्याने घासलं की कापडावरचा जुना, चिकट झालेला थर काकवीसारखा निघून येतो आणि खालचं नायलॉन पुन्हा कोरडं, सळसळतं होतं. कॅन्ससमधल्या एका गावच्या, छंद म्हणून छोटी रॉकेटं उडवणाऱ्या क्लबची शंभरेक पॅराशूटं तरी वर्ना टेस्केने अशी माणसात आणली होती.

हे मात्र तिच्या नवऱ्याचं, हार्लनचं होतं.

बारा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये हार्लनने आपलं लाल रॉकेट उडवलं. पॅराशूट झकास उघडलं, पण वाऱ्याने ते शेतकरी डेल्मर कॉपच्या मक्यात नेऊन टाकलं. मका पुरुषभर उंच. "दहा मिनिटांत आलो," म्हणून हार्लन आत शिरला तो शिरलाच. शेरीफ आला, कुत्री आली, वरून विमान फिरलं. पुढे मका कापला गेला, दरवर्षीच कापला गेला. ना माणूस सापडला, ना रॉकेट.

आणि काल संध्याकाळी डेल्मर टोपी हातात घेऊन दारात उभा. कापणीच्या यंत्रापुढे रॉकेट आडवं आलं म्हणाला. रॉकेट पुठ्ठ्याचं, बारा हिवाळ्यांच्या बर्फात त्याचा लगदा व्हायला हवा होता. रंगसुद्धा उडाला नव्हता. पॅराशूट मात्र नळीत नीट घडी करून कोंबलेलं, आणि आंबूस वास मारत होतं. म्हणजे हार्लनला रॉकेट सापडलं होतं. मग तो गेला कुठे? वर्नाला एवढंच हवं होतं. बारा वर्षं तिला दुसरं काही नकोच होतं.

डेल्मरने वेळेची अडचण सांगितली. मक्याच्या चाळीस ओळी उभ्या ठेवल्यात, पण गारपीट येणार आहे, उद्या दुपारी चारला त्याही कापाव्या लागतील. त्याआधी शेत बघायचं तर मीच न्यायला येतो.

हार्लनची एक सवय होती. रॉकेट सापडलं की तो तिथेच पॅराशूटच्या पाकळीवर, म्हणजे कापडाच्या एकेका पट्टीवर, मार्करने लिहायचा: उड्डाण कितवं, आणि शोधायला किती चालावं लागलं. मगच घडी. त्या दिवशीचं उड्डाण एकेचाळिसावं होतं, आणि ते कुठल्याशा घडीत असणार. पण स्पिरिटने थर जातो तशी शाईही जाते. म्हणून वर्ना सकाळपासून तळघरात नुसत्या नखांनी झगडत होती.

पहिल्या चार पाकळ्यांवर जुनी चाळीस उड्डाणं निघाली. पाचवीवर होतं, "४१. चाललो अकरा मिनिटं."

वर्ना टेबलावर डोकं टेकून रडली. मग डोळे पुसून तिने पुढची घडी सोडवली.

"४२. चाललो तीन तास. मका."

त्या दिवशी त्याच्याकडे एकच, एकदाच चालणारं इंजिन होतं, आणि ते जळून गेलं होतं. बेचाळिसावं उड्डाण व्हायचं कसं?

"४३. रॉकेट आपोआप वर गेलं. मागोमाग चाललो. मका."

"९०. वर्ना हाका मारतेय. ऐकू येतं. दिशा कळत नाही."

तिने मारल्या होत्या हाका. तीन दिवस, घशातून रक्त येईपर्यंत.

सातवी पाकळी, आठवी, नववी. आकडे वाढत गेले, अक्षर बारीक होत गेलं. "२०६. अजून दुपारच आहे." "३३०. मका."

तिने डेल्मरला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं.

"वर्ना, त्या शेतात मी बारा वेळा यंत्र फिरवलंय. आत कोणी असतं तर मला कळलं नसतं का?"

"डेल्मर, मी आत जाणार आहे."

"थांब जरा. सकाळी मी ओळी मोजल्या. चाळीस ठेवल्या होत्या. सेहेचाळीस भरल्या."

"मग तर लवकरच ये," ती म्हणाली.

तीन वाजले. दहावी पाकळी, शेवटची, काही केल्या सुटेना. फ्रीजरचे दोन फेरे झाले, दोन नखं तुटली. तो कुठे आहे ते लिहिलंच असेल तर इथे, आणि त्याशिवाय आत जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. शेवटी मनाचा हिय्या करून तिने शिवणीत स्पिरिटचे चार थेंब सोडले.

पाकळी सुटली.

"४१५. मका."

"४१६. मागे कोणीतरी चालतंय. बघायचा धीर होत नाही."

खाली आणखी एक ओळ होती.

"४१७. हार्लन माझ्यापुढे चालतोय. हाक मारली तरी वळत नाही."

ही ओळ हार्लनने लिहिलेली नव्हती. सातच्या पोटात आडवी रेघ होती. तसा सात वर्नाची आई काढायची, आणि आता गावात तसा काढणारी एकटी वर्नाच.

तिने बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि ती ओळ घासली. जोरात घासली. आजूबाजूच्या हार्लनच्या ओळी विरघळून कापसात उतरल्या. पाकळी कोरडी, सळसळती झाली.

तिची ओळ तेवढी राहिली.

वर डेल्मरच्या ट्रकचा हॉर्न वाजला.

वर्नाने बोळा खाली ठेवला. मग तिने बूट ओढून पायात चढवले. तिथे हार्लन निदान दिसत तरी होता.