क्रेलिंगच्या हॉलमधला नाच

मार्नी, मघाशी लागलेल्या त्या जुन्या सिनेमातली पार्टी तुला फार आवडली ना? झुंबरं, शॅम्पेन, शंभर माणसं हसतायत, नाचतायत. मग आता मी सांगतो ते ऐक. आणि कोल्बी, तुला हसायचं असेल तर आत जाऊन भांडी घास. हे मी कुठे वाचलेलं नाही. ज्याच्या जिवावर बेतलं, त्याला मीच माझ्या गाडीतून तिथे नेलं होतं.

थेरन व्हिटबी त्याचं नाव. पार्टीतला एक्स्ट्रा. स्वतःचा शेपटीवाला काळा कोट, स्वतःची कडक कॉलर, आणि कमरेत असा झुकायचा की कुणी राजदूत वाटावा. तीस वर्षं एकच काम. हातात पेला धरून हीरो-हिरॉइनच्या मागे उभं राहायचं. तोंड हलवायचं, पण आवाज काढायचा नाही. पुढच्या दोघांचे संवाद नीट रेकॉर्ड व्हावेत म्हणून सेटवर संगीतसुद्धा बंद असायचं. तुम्ही बघता ते नाचणारे सगळे बुटांना खालून जाड लोकर चिकटवून, मुक्यानं नाचायचे. 

मी तेव्हा तेवीस वर्षांचा, सिनेमा कंपनीच्या दिव्यांच्या खात्यात. शनिवार होता, एकोणीस ऑक्टोबर, एकोणीसशे अडुसष्ट. आमच्या कंपनीला पार्टीचा एक प्रसंग खऱ्या बंगल्यात करायचा होता. वरच्या टेकड्यांत एक बंगला मिळाला, सहा वर्षं बंद पडलेला. मी जाऊन विजेचा बोर्ड बघायचा, आणि नाचायला किती जोडपी मावतील ते थेरननं बघायचं, एवढंच काम.

"मग दिवसा का नाही गेलात?" मार्नी, अगं दिवसा शूटिंग होतं. सुटलो तेव्हाच नऊ वाजले होते.

थेरन एरवी बोलायला लागला की थांबायचा नाही. त्या रात्री सनसेट बुलेव्हार्डचा मोठा रस्ता सोडून गाडी चढाला लागली आणि तो गप्प झाला.

मी म्हटलं, "काय हो थेरन, जीभ पण कोटाबरोबर धुवायला टाकलीत का?"

तो म्हणाला, "बंगला कुणाचा म्हणालास?"

"ऑगस्ट क्रेलिंगचा. तो निर्माता, मेला बघा मागे."

"गाडी वळव."

"अहो, आलोच की आता. पाच मिनिटं राहिली."

त्यानं खिडकीची काच वर केली. मग म्हणाला, "बरं. चल. पाच मिनिटं."

पावणेदहाला मी कुलूप काढलं. समोरच मोठा हॉल, मागे स्वयंपाकघर. बोर्ड स्वयंपाकघरात होता. एक बॅटरी मी घेतली, एक त्याला दिली. मधलं दार उघडंच ठेवलं. आमच्यात वीस पावलांचं अंतर असेल. तो हॉलची लांबी पावलांनी मोजत होता, मला ऐकू येत होतं. "...सात, आठ, नऊ..."

मग मोजणं थांबलं. म्हटलं, झालं असेल.

बोर्ड उघडला तर आत काही नाही. मीटर काढून नेलेलं, तारा कापलेल्या. त्या बंगल्यात एक बल्बसुद्धा लागणं शक्य नव्हतं. हे लक्षात ठेवा.

आता पुढचं थेरननं मला नंतर लिहून दिलं. लिहूनच, कारण त्याचा जबडा तारांनी बांधलेला होता.

त्यानं लिहिलं, दहावं पाऊल टाकलं आणि सगळी झुंबरं लागली. एकदम. हॉल भरलेला. साठेक माणसं असतील. काळे कोट, उघड्या पाठीचे झगे, खांद्यावर कोल्ह्यांची कातडी. सगळे हसत होते, बोलत होते. तोंडं हलत होती.

आवाज नव्हता.

कोपऱ्यात बँड होता. ट्रंपेटवाल्याचे गाल फुगत होते... आवाज नव्हता.

त्याला वाटलं, आपल्याला न सांगताच तालीम सुरू केली वाटतं. मग त्यानं चेहरे पाहिले. त्यातल्या चौघांच्या शवपेटीला त्यानं स्वतः खांदा दिला होता.

एका मुलीनं त्याचा हात धरला. हिरवा झगा, वय बावीसच्या आसपास. ती त्याला मधोमध घेऊन गेली आणि नाचायला लागली. त्याचे पाय आपोआप चालायला लागले, तीस वर्षांची सवय. तिनं तोंड त्याच्या कानाशी नेलं. ओठ कानाला लागत होते, काहीतरी सांगत होते. तो म्हणाला, "काय? मला ऐकू येत नाही." त्याचा स्वतःचा आवाजही त्याला ऐकू आला नाही.

मग तिनं हात सोडला.

आणि गर्दी बाजूला झाली.

क्रेलिंग येत होता. पांढरा कोट, बाह्या वर सारलेल्या. हातात भिंतीतल्या शेकोटीची लाकडं ढोसायची लोखंडी सळई.

पहिला घाव गुडघ्यावर बसला. थेरन खाली आला. दुसरा बरगड्यांवर. त्यानं हात आडवा घातला, तर सळई बोटांवर आली. तो ओरडत होता. घसा फाटेपर्यंत ओरडत होता. आणि भोवती जोडपी गोल फिरत होती. कुणी बघत नव्हतं. हसत होते. त्यानं जवळून जाणारी एक पँट धरली. पाय झटकला गेला. दुसरा पाय धरला. तोही झटकला गेला. एका बाईनं झग्याचा घोळ उचलला, रक्त लागू नये म्हणून, आणि गिरकी घेतली.

क्रेलिंगनं सळई दोन्ही हातांनी वर उचलली.

...त्या रात्रीचं त्यानं इतकंच लिहिलंय.

आणि मी? मी वीस पावलांवर होतो, पोरांनो. उघड्या दाराच्या अलीकडे. तारा बघत, शीळ घालत होतो. दहाला तीन मिनिटं कमी असताना बाहेर आलो. हॉलमध्ये काळोख. बॅटरी मारली.

तो फरशीच्या मधोमध पडला होता. जबडा दोन ठिकाणी तुटून एका बाजूला गेलेला. एक डोळा मिटलेला. डाव्या हाताची बोटं उलटी वळलेली. मी खाली बसलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तोंड हलवत होता तो. आवाज नाही.

पोलिसांना वाटलं, मीच मारलं. दुसरं कोण होतं तिथे? दोन रात्री कोठडीत काढल्या मी. माझी बोटं तपासली, कपडे तपासले. माझ्या मांडीवर रक्त होतं, पण हातांवर ओरखडा नव्हता, आणि सळई तर बंगल्यात कुठेच सापडली नाही. तिसऱ्या दिवशी थेरन शुद्धीवर आला आणि त्यानं खुणेनं कागद मागवला. पहिलं वाक्य लिहिलं, "मुलाला सोडा." आणि दुसरं, "तिचं नाव मेव्हिस टोलंड."

एकोणीसशे अडतीसचा जुलै. पार्टी भरलेली दिसावी म्हणून क्रेलिंग देखण्या एक्स्ट्रांना घरी बोलवायचा. मेव्हिस, तीच हिरव्या झग्यातली, नाचणारी पोरगी. त्यानं तिला वर खोलीत यायला सांगितलं, तर ती चारचौघांत त्याला हसली. त्यानं शेकोटीजवळची सळई उचलली. ती ओरडली तसा तो बँडवर खेकसला, "वाजवत राहा!" आणि पाहुण्यांना म्हणाला, "नाचा! उद्या ज्याला काम हवंय त्यानं नाचा!"

साठ माणसं नाचली. थेरनही नाचला. तिनं त्याच्या पँटचा पाय धरला होता. त्यानं लिहिलं, "मी पाय सोडवून घेतला. बँड इतका मोठ्यानं वाजत होता, की ती काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, गाडी दरीत गेली, तरुण नर्तकीचा मृत्यू. साठही जणांनी पोलिसांना तेच सांगितलं. त्यानंतर थेरनला कामाची ददात पडली नाही.

त्याचा कागद पेपरात छापून आला, तो वाचून त्या साठांतले आणखी दोन म्हातारे पुढे आले. जबान्या झाल्या. क्रेलिंग मेलेला, फासावर कुणाला देणार? पण फ्रेस्नो गावात मेव्हिसची बहीण होती. थेरन कुबड्या घेऊन तिच्या दारात गेला, मीच गाडी चालवत होतो. त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, त्याच्या थोबाडीत एक दिली, आणि दार लावून घेतलं. परतताना तो मला म्हणाला, "आर्विड, आज झोप लागेल बघ." त्यानंतर कोट घालून तो कधी सेटवर उभा राहिला नाही.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला भास झाला, पडला असेल. मीही तसंच म्हटलं असतं. पण पहिल्या रात्री कोठडीत नेण्याआधी मला त्याच्यासोबत हॉस्पिटलात नेलं होतं. नर्सनं त्याची उजवी मूठ उघडली, तेव्हा मी तिथेच उभा होतो. आत एक दात होता. डॉक्टरांनी थेरनच्या तोंडात बोट घालून मोजले. त्याचे सगळे जागेवर होते. मग त्यांनी तो दात दिव्याखाली धरला. म्हणाले, बाईचा आहे, तरुण बाईचा...

आणि थांबले.

मुळाशी हिरडीचा तुकडा होता. ओला.