टिटवीने टांगलेले पडदे

आमच्या कॉलेजच्या सभागृहात प्रत्येक वाक्याचं शेपूट दोनदा ऐकू यायचं. प्राचार्य "धन्यवाद" म्हणाले की मागची भिंत "वाद, वाद" म्हणायची आणि आम्ही मुली तोंडात रुमालाचा बोळा कोंबून हसायचो.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा कॉलेजने एक नवलच केलं. विद्यार्थ्यांना स्वतःच्या कल्पनेने काम करायला पैसे द्यायचं ठरवलं. संशोधन करा, नाटक बसवा, चित्रं काढा. विषय तुमचा, फक्त वर्ष संपताना समितीपुढे मांडायचं. मला माझ्या नाटकासाठी पैसे मिळाले, माझ्या मैत्रिणीला भौतिकशास्त्रातल्या कामासाठी. पाय काटकुळे आणि आवाज टिपेचा, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. "टिटवीसुद्धा समुद्र आटवते," ती मान ताठ करून सांगायची. "म्हण आहे म्हण, उगाच नाही."

तिचा विषय माझ्याच रडगाण्यातून निघाला. माझ्या नाटकातला राजा मरायचा एकदा आणि त्याची किंकाळी ऐकू यायची दोनदा. टिटवी म्हणाली, "थांब, तुझ्या राजाला मी एकदाच मारून दाखवते."

भिंतींवर गोणपाटाचे जाड पडदे टांगायचे, प्रत्येक पडद्यानंतर दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटायच्या, तो आवाज टेपवर घ्यायचा आणि प्रतिध्वनी किती उशिरा येतो ते मोजायचं, असं तिचं काम. पडदे मी शिवले. दुपारी वर्ग सुटले की सभागृहाची किल्ली आमच्याकडे यायची. खिडक्या बंद, नाकात गोणपाटाची धूळ, कपड्यांना त्याचा तेलकट वास. घरी गेलं की आई मला दारातच झटकायची.

टिटवीला मात्र हे हौसेचं काम नव्हतं. वडील नव्हते, घरात मोठ्या भावाचा शब्द. त्याने बजावून ठेवलं होतं, समितीने पसंती दिली तर पुढे शीक, नाहीतर स्थळ तयार आहे. वहिनीने तर पाहुण्यांसाठी दिवाणावर घालायला नवी चादरही आणून ठेवली होती.

एकेक पडदा चढत गेला तसा प्रतिध्वनी जवळ येत गेला. आधी श्वास घेण्याइतका उशीर, मग पापणी लवण्याइतका, मग काहीच नाही. फळी वाजली की फक्त फळी. टिटवीचे मार्गदर्शक सर येऊन स्वतः टाळी वाजवून बघून गेले, खूश झाले.

"झालं काम. अहवाल लिहायला घे."

"सर, आराखड्यात आणखी एक पडदा आहे."

"लाव मग हौस म्हणून."

तो आम्ही मागच्या भिंतीला लावला. टिटवीने फळ्या उचलल्या, आणि त्या एकमेकींना लागायच्या आधी आवाज आला.

"बाहेर काहीतरी पडलं," मी म्हणाले. तिने पुन्हा वाजवून पाहिलं. मग आम्ही टेप ऐकली. आधी एक बारीक आवाज, भिंतीतून आल्यासारखा; त्यानंतर फळीचा भरीव. फीत उलटी लागली असेल म्हणून मी फळ्या वाजायच्या आधी "आता वाजवतेय" असं बोलून ठेवलं. माझं बोलणं सुलटच उमटलं होतं. फक्त त्याच्या आधी तेच कुणीतरी कुजबुजलं होतं.

"फसवू या त्याला," टिटवी म्हणाली. तिने फळ्या वर नेल्या आणि तशाच धरून ठेवल्या. आवाज आला. तिने विजयाने माझ्याकडे बघितलं आणि फळ्या बाकावर ठेवल्या. वरची घसरून खाली पडली.

त्या दुपारी आम्ही सभागृहाला लवकरच कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी टाळ्या ऐकू आल्या. सभागृहात आम्ही दोघीच, दाराला आतून कडी. टाळ्या उजव्या कोपऱ्यातून सुरू झाल्या, भरत गेल्या, विरत आल्या आणि कुणी खुणावल्यासारख्या पुन्हा उसळल्या. टिटवीने माझं मनगट घट्ट धरलं. निकाल आधीच हातात पडलेल्या मुलीचा चेहरा होता तो. इतक्या वर्षांत कितीतरी चेहरे पुसले गेले, तो नाही.

सरांना तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तो शेवटचा पडदा काढून टाक. आधीचं काम सोन्यासारखं आहे."

"जे ऐकलं ते गाळू, सर?"

"अगं, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. भाऊ काय म्हणालाय तुझा?"

तिने पडदा काढला नाही. टाळ्या ऐकल्या होत्या ना तिने.

समिती पुढच्या रांगेत बसली. दाराशी भाऊ उभा होता. टिटवी मंचावर गेली आणि तोंड उघडायच्या आत मागून हसण्याचा लोट आला. शेवटी कुणाला तरी खोकल्याची उबळ.

अध्यक्ष वळले. "कोण कार्टी आहेत ती? बाहेर काढा."

शिपाई मागे जाऊन आला. "कुणी नाही, साहेब."

टिटवी पांढरीफटक पडली. तिला कळलं होतं. मलाही.

तरी ती बोलली. या सभागृहात आवाज आधी येतो, म्हणाली.

सगळे हसले. तेच हसणं. अध्यक्षांना खोकल्याची उबळ आली.

"फीत कापून चिकटवता येते, बाळ," ते डोळे पुसत म्हणाले.

दाराशी आता कुणी नव्हतं.

तिचं लग्न झालं. सरांनी शेवटचा पडदा वगळून तेच काम स्वतःच्या नावाने छापलं आणि त्यावर मोठे झाले. आयत्या बिळावर नागोबा. टिटवी सासरी भांडं पडायच्या आधीच दचकायची. सासू म्हणायची, वेडसर मुलगी गळ्यात मारली. एकदा भेटली तेव्हा मला म्हणाली, "टाळ्या मात्र यायच्यात हं अजून." त्या न येताच ती गेली.

परवा कॉलेजने मला बोलावलं, पैसे मिळालेल्या त्या पहिल्या तुकडीतली उरलेली म्हणून. पडदे कधीच निघालेत. मुलं आपापली कामं मांडून बसली होती. एका मुलीने मुंग्यांच्या वाटांचे नकाशे काढले होते. ती मला "आजी, इथून बघा" म्हणत किती भरभर सांगत होती. मग प्राचार्य बाईंनी जाहीर केलं, ज्यांनी या वास्तूचा प्रतिध्वनी जिंकला त्या सरांचं नाव आजपासून सभागृहाला. तसबिरीवरचं कापड ओढलं.

टाळ्या उजव्या कोपऱ्यातून सुरू झाल्या.

मी हात मांडीवर ठेवले.

भरत गेल्या. विरत आल्या. बाईंनी दोन्ही हात उंचावून खुणावलं. पुन्हा उसळल्या.

मग लोक उठले, खुर्च्या सरकल्या. मीही काठी शोधू लागले. माझ्या डावीकडची खुर्ची सुरुवातीपासून रिकामी होती. तिथून टिपेचा, विशीतला आवाज आला, अगदी हळू:

"उठू नकोस ना. आता माझं नाव घेतील."