डोळ्यांत खुपत नाही

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, डोळे धुवायच्या कारंज्यावर एक उंच माणूस वाकून भिजत होता. मिटल्या डोळ्यांनी तो नळ चाचपडत होता. तिने पुढे होऊन नळ बंद केला आणि त्याच्या हातात रुमाल ठेवला.

“काय उडालं डोळ्यांत?”

“साबण. साधा, हात धुवायचा.”

“आणि चष्मा?”

“घातला होता की...” त्याने कपाळाकडे बोट दाखवलं. “इथे.”

तिचं हसू ओठांच्या कडेपर्यंत आलं आणि परत फिरलं. लालभडक डोळ्यांनी त्याने तिच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं.

“अरे बापरे! म्हणजे ‘चाळणी’ ती तुम्हीच?”

प्रत्येक फाइल बारीक चाळून बघते म्हणून पडलेलं हे नाव तिच्या पाठीमागे सगळेच घेत. तोंडावर घेणारा हा पहिलाच.

दोन वर्षं खपून त्याने लहान मुलांच्या शांपूसाठी एक नवा पदार्थ बनवला होता. तो डोळ्यांना त्रास देणार नाही, असं तिने सही करून सांगायचं होतं, तेही कुठल्याही सशाच्या डोळ्यांत थेंब न टाकता. त्यासाठी नव्या पदार्थाची भावंडं शोधायची, म्हणजे तशाच बांधणीचे जुने, तपासलेले पदार्थ. आणि त्यांच्या आकड्यांवरून याचा स्वभाव ओळखायचा.

“शितावरून भाताची परीक्षा,” तो म्हणाला.

“चार शितं लागतात. आणि ती त्याच भांड्यातली आहेत, हे आधी सिद्ध करावं लागतं.”

पुढचे पंधरा दिवस तो फाइल घेऊन येत राहिला. तिने प्रश्न विचारावा, त्याने उत्तर आणावं. उत्तर नसलं तर सरळ “माहीत नाही” म्हणावं. हे दोन शब्द या इमारतीत तिने क्वचितच ऐकले होते.

“चहा?” जाताना तो दारातून विचारी.

“सही झाल्यावर. ज्याची फाइल, त्याचा चहा नाही.”

“म्हणजे सहीची वाट बघणारे आता दोघं झाले. मी आणि चहा.”

अखेर चारही भावंडं सौम्य निघाली. गुरुवारी तिने मसुदा पूर्ण केला. शुक्रवारी सही व्हायची होती. सकाळी तिने कारण नसताना निळा कुडता काढला, आणि आईने कारण नसताना विचारलं, “आज काय विशेष?”

पण तो आला तो पडलेल्या चेहऱ्याने. एक जुना कागद त्याने टेबलावर ठेवला.

“तिसरं भावंड... सगळ्यांत जवळचं. रात्री मूळ अहवाल वाचला. त्याची चाचणी दहा टक्के द्रावणाची आहे. बाकी तिघांची शुद्ध पदार्थाची. मी तक्त्यात ‘शुद्ध’च लिहून बसलो.”

तिने कागद ओढून घेतला. खरंच होतं. पाणी घातलेलं भावंड सौम्य वाटणारच! आणि तिच्याही नजरेतून ते निसटलं होतं. चाळणीतूनही.

“सही केली असती मी,” ती हळूच म्हणाली. “कुणाला कळलं नसतं.”

“एखाद्या बाळाला कळलं असतं.”

तिने तो कागद फाइलीत लावला.

“आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या, डोळ्यासारख्या कृत्रिम ऊतीवर चाचणी लागेल. तीन महिने.”

“माहितीय.” तो कसनुसा हसला. “चहाही तीन महिने पुढे.”

तिने पेन उघडलं. पहिल्या पानावर तपासणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव होतं. त्यावर तिने एक सरळ रेघ मारली, बाजूला तारीख घातली आणि वर आपल्या वरिष्ठ बाईंचं नाव लिहिलं.

त्याचा चेहरा उतरला. “एवढी मोठी चूक झाली का माझी?”

“तुमची नाही. तपासणाऱ्याने निःपक्षपाती असावं लागतं.” तिने पेनाचं टोपण लावलं... काढलं... पुन्हा लावलं. “मी आता तशी राहिलेली नाही.”

तो बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत पुन्हा लाली चढत होती... या वेळी साबणाशिवाय.

“चला,” ती उठली. “ही फाइल आता माझी नाही. चहा चालेल.”