बसवलेला माणूस

विश्वास ठेवा म्हणून गळ घालणार नाही. पण यातलं काही रचलेलं नाही. जिच्या घरात हे घडलं ती अजून त्याच घरात राहते.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

जूनमधली दुपार होती. जपानमधल्या शिझुओकात, आबे नदीच्या अलीकडच्या वस्तीत. बाहेर शेजारणी बोलत होत्या. गल्लीतून सायकली जात होत्या.

घर चिझुरुच्या वडिलांचं. तोकुजी त्यांचं नाव. मे महिन्यात ते गेले. जन्मभर त्यांनी प्लास्टिकची छोटी विमानं जोडली, घासली, रंगवली. शेवटचं विमान टेबलावर अर्धवट राहिलं होतं. पंख रंगून झालेले. आतली खुर्ची रिकामी. वरची पारदर्शक काच बसवायची बाकी.

चिझुरुनं मनाशी ठरवलं होतं. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या आत हे पुरं करायचं आणि देव्हाऱ्यात बाबांच्या नावाच्या लाकडी पाटीसमोर ठेवायचं. गेलेला माणूस मरणानंतरच्या त्या दिवशी घराचा उंबरा कायमचा सोडतो, असं तिकडं मानतात. मागं काम अडून राहिलं, तर पाऊलही अडेल.

एवढीच तिची इच्छा होती. बाबांनी सुखानं जावं.

"घरभर नुसता थिनरचा वास," किनुए आत्या म्हणाली. आत्या मदतीला म्हणून राहिली होती, आणि बोलून दाखवायलाही. "तुझ्या बापानं बायकोकडे बघितलं नाही एवढं या खेळण्यांकडे बघितलं. आता तू बस."

"होतच आलंय, आत्या."

"तोही हेच म्हणायचा. लग्नाच्या दिवशीसुद्धा."

खोक्यात एक पायलट उरला होता. बोटाच्या दोन पेरांएवढा, हात मांडीवर ठेवून बसलेला. बाबांनी त्याला हात लावला नव्हता. चिझुरुनं तो सुट्या भागांच्या चौकटीतून कापून काढला, कानसला, रंगवला. अंगात निळा गणवेश. गालाखाली किंचित सावली. सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, डोळे.

चेहरा छान उतरला. फक्त कुणासारखाच दिसत नव्हता.

तिनं त्याला खुर्चीत चिकटवलं, नजर समोर. वर काच ठेवली आणि हाताशी असलेल्या झटपट गोंदानं पक्की केली.

दुसऱ्या दिवशी आत्या बाजारात गेली होती. चिझुरु चहा घेत बसली होती.

टक्...

ओल धरून लाकूड फुगलं असेल, तिला वाटलं.

टक्... टक्...

नखानं काच वाजवावी तसा आवाज. पण फार बारीक.

टेबलावरून येत होता.

ती जवळ गेली, तसा थांबला. तिनं वाकून पाहिलं.

पायलट समोर बघत नव्हता.

त्याची हनुवटी खांद्यावर आली होती. मानेवरचा रंग तडकून खालचं पांढरं प्लास्टिक दिसत होतं. आणि तिनं रंगवलेले ते डोळे... तिच्याकडे लागले होते.

एक क्षण तिला भीती वाटलीच नाही. उलट ती आणखी जवळ वाकली.

"बाबा?"

टक्.

असा दणका बसला की अख्खं विमान टेबलावर तसूभर सरकलं.

त्यात माया नव्हती. एवढं तिला तेव्हाच कळलं.

तिसऱ्या दिवशी होरिउची काका आले. बाबांच्या क्लबातले, जुने दोस्त. विमान बघून ते दारातच थबकले.

"तोकुजीनं माणूस बसवला?"

"मी बसवला, काका."

त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. "त्यानं कधी बसवला नाही गं. आम्ही चिडवायचो, तुझी विमानं काय भुतं चालवतात का रे? सगळे हसायचे. तो नाही हसायचा. म्हणायचा, आत माणूस बसवला की त्याला उतरायला वाट ठेवावी लागते."

"म्हणजे?"

"नाही सांगितलं. मीही नाही विचारलं."

काच आतून पांढरी पडली होती.

"झटपट गोंद लावलास ना?" काका म्हणाले. "त्याची वाफ आत कोंडते आणि काचेवर बसते. बोटांचे डाग असतील तर नेमके तेच उठून दिसतात. नवशिके सगळे हे करतात." त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

मग भिंग पुसून पुन्हा लावलं.

"काका?"

"ही बोटं तुझी नाहीत."

तिनं भिंग घेतलं. आतल्या बाजूनं तळहात उमटले होते. तिळाएवढे. एकावर एक, एकावर एक... ढकलल्यासारखे.

"काढ ती काच," काका हळू आवाजात म्हणाले.

"तुटेल. बाबांचं शेवटचं काम आहे."

"पोरी, यात आता त्याचं काही उरलेलं नाही."

चिझुरुनं पातं फटीत घातलं. काच कडकन मोडली.

खुर्ची रिकामी होती.

तळाशी गोंदाचा वाळलेला ठिपका, त्याला निळ्या रंगाचा पापुद्रा. बाकी काही नाही. त्यांनी विमान उलटं करून हलवलं. टेबलाखालच्या चटया उचलल्या. काका गेले ते टोपी विसरून.

एकोणपन्नासाव्या दिवशी मंदिरातले भिक्खू आले. विमान देव्हाऱ्यात ठेवलंच नाही. चिझुरुनं बाबांच्या पाटीसमोर उदबत्ती लावली.

विझली.

पुन्हा लावली... पुन्हा विझली.

"ओल आली असेल," आत्या पुटपुटली. "नवा पुडा फोड."

नवीही विझली. भिक्खूंनी वर न बघता पोथी पुढं चालू ठेवली.

पाहुणे गेल्यावर चिझुरु उदबत्ती खोवायचं राखेचं भांडं आवरायला बसली. राख सकाळीच तिनं स्वतः सपाट केली होती.

राखेत बुटांचे ठसे होते. तांदळाच्या दाण्याएवढे. उदबत्तीच्या काडीभोवती गोल गोल फिरलेले... मग भांड्याच्या काठापर्यंत, पाटीच्या दिशेनं.

परतीचे नव्हते.

आधीच गेलेल्या आईच्या पाटीसमोरची उदबत्ती आजही शेवटपर्यंत जळते. बाबांसमोरची टिकत नाही. चिझुरु रोज लावते, रोज विझते. बाबा पुढं गेले, की कुणी त्यांना जाऊ दिलं नाही, हे तिला अजून कळलेलं नाही.

पाटी पुसायची राहिली आहे. पाटीच्या मागं हात घालायला चिझुरुचं मन धजत नाही.