अकरा नंबरची खाट

टर्म पेपरचा विषय मी तापाच्या साथीचा घेतला होता. सर म्हणाले, "अख्खी साथ कवेत घेऊ नकोस. एक वॉर्ड घे, एक महिना घे. आधी मूळ कागद वाच, पुस्तकं नंतर. प्रत्येक नोंद वेगळ्या कार्डावर उतरव, खाली पान नंबर टाक."

दफ्तरखाना जुन्या तापाच्या दवाखान्यातच होता. वाचायची खोली म्हणजे पूर्वीचा मुलांचा वॉर्ड. भिंतींवर खाटांचे आकडे अजून पुसट दिसत. भर दुपारीही तिथे गारठा असे, आणि फिनेलचा वास.

दफ्तरखान्यातल्या बाईंनी नर्सची रोजनिशी काढून दिली. नव्वद वर्षांपूर्वीची. मी कार्डं भरत गेले.

'खाट ११. मुलगी, वय सात. सारखी पाणी मागते. माझे हात रिकामे नाहीत. खिडकीपाशी एक मुलगी लिहीत बसली आहे. तिला हाक मारली. ऐकत नाही.'

असेल कुणाची तरी नातेवाईक, म्हणून मी पान उलटलं.

'ती आजही आली. निळा स्वेटर. छोट्या कार्डांवर लिहिते. मान वर करत नाही.'

मी स्वतःच्या निळ्या बाहीकडे पाहिलं. मग वही बाईंपुढे नेली.

"हे... कुणी मागाहून लिहिलंय का?"

"शाई बघ ना, किती विटलीय," त्या म्हणाल्या. "आणि ही वही उघडणारी तूच पहिली."

बाहेरच्या माठातून पेला भरून आणला, अकरा आकड्याखाली भिंतीला टेकवून ठेवला. असं काही करताना माणसाला स्वतःचीच लाज वाटते. पुढचं पान उलटलं.

'तिने पाणी आणले. पण जमिनीवर ठेवले. पोरीचा हात पोचत नाही.'

मी धावले. पेला उचलला, खाटेच्या उंचीवर दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. हात भरून आले. पाणी तसूभरही कमी झालं नाही. शेवटी परत येऊन वही पाहिली.

'खाट ११ रिकामी. चार वाजून दहा मिनिटे.'

पुढे मी वाचलं नाही. होती तेवढ्या कार्डांवर पेपर लिहिला, त्या ओळींसकट. सरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "असा पुरावा मी स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही."

ते स्वतः दफ्तरखान्यात जाऊन आले. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं आणि पेपर पुढे सरकवला. एकही खूण केलेली नव्हती.

"ओळी आहेत," ते म्हणाले. "पुढची पानं वाचलीस?"

"नाही, सर."

"नको वाचूस... बारा नंबरला एक मुलगा आहे. नर्सनं हाक मारली, आणि मी... मी वर पाहिलं."

बोलता बोलता त्यांनी बाही खाली ओढली. पण मला दिसलं होतं. मनगटावर लहान बोटांचे चार वळ होते, चटका बसावा तसे लालभडक.